विजेच्या धंद्यात आपल्या मुली : हुनर, परवाना आणि गिऱ्हाईक

मुलगी बारावी झाली, आयटीआय झाली, डिप्लोमा झाली, आता पुढे काय, हा प्रश्न आज आपल्या शहरातल्या बहुतेक घरांत आहे. उत्तर म्हणून शाळेतली नोकरी, शिवणकाम, मेहंदी आणि ब्यूटी पार्लर एवढीच नावे पुढे येतात. या कामांना आम्ही कमी लेखत नाही. पण एका गल्लीत चार शिलाई मशीन झाल्या की शिलाईचा भाव पडतो, हे कापडाच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ज्या मालाची मागणी वाढते आहे आणि विकणारे थोडे आहेत तो माल ठेवावा, हा बाजाराचा जुना नियम आहे. वीज आणि सौरऊर्जा हे आज असे क्षेत्र आहे. त्यात स्त्रियांना शिकण्याच्या आणि पुढे जाण्याच्या वाटा कोणत्या, त्यातली टिकाऊ कोणती आणि फसवी कोणती, याचा हिशेब आम्ही या पाठात मांडत आहोत.

ऊर्जा क्षेत्र म्हणजे काय?

वीज तयार करणे, ती वाहून नेणे, घरोघर वाटणे, तिचा वापर मोजणे आणि ती वाचवणे, या पाचही कामांना मिळून ऊर्जा क्षेत्र म्हणतात. महाराष्ट्रात १९६० पासून यातले बहुतेक काम राज्य वीज मंडळाकडे होते. २००३ चा वीज कायदा आला आणि त्यानुसार जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती वाहून नेते आणि महावितरण ती आपल्या मीटरपर्यंत पोहोचवते.

आता चौथा भिडू आला आहे, तो म्हणजे सूर्य. पूर्वी वीज परळीसारख्या ठिकाणच्या मोठ्या केंद्रात तयार होत असे. आता ती शेताच्या बांधावर आणि घराच्या गच्चीवरही तयार होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. तो ३ मेगावॅटचा आहे. मोठ्या केंद्राला कोळसा लागतो, रेल्वे लागते. गच्चीवरच्या सोलरला लागतो गल्लीतला जाणता हात. आपल्या मुलींसाठी संधी आहे ती इथे.

या क्षेत्रात स्त्रिया किती आहेत? आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सूर्य, वारा आदी अक्षय ऊर्जेच्या कामात ३२ टक्के स्त्रिया होत्या, तर तेल आणि वायूच्या धंद्यात २२ टक्के. भारतात छतावरील सौरऊर्जेच्या कामात मात्र २०१९ च्या एका पाहणीत फक्त ११ टक्के स्त्रिया आढळल्या. त्यातही बहुतेक कार्यालयात किंवा आराखड्याच्या टेबलावर होत्या. प्रत्यक्ष उभारणी आणि देखभालीत त्या अगदी थोड्या होत्या. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर याचा अर्थ असा की दुकान मोकळे आहे.

लातूर-धाराशिवचा धडा

या विषयातला सर्वांत उपयोगी धडा शोधायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही. तो मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रियांनी 'संवाद सहायक' म्हणून काम केले. त्यामागे प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था होती. घर बांधून झाल्यावर त्याच स्त्रियांचे बचत गट उभे राहिले आणि पुढे त्या गटांतून विक्रेत्या तयार झाल्या.

२००६ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' नावाची चूल बाजारात आणली. चुलीत बॅटरीवर चालणारा छोटा पंखा होता. शेतातला भुसा, चिपाड दाबून केलेल्या कांड्या त्यात जळत आणि पंख्याच्या वाऱ्यामुळे धूर फार कमी होई. ही चूल विकण्याचे काम गावातल्या स्त्रियांनी हाती घेतले. त्यांनी शेजारणीच्या अंगणात चूल पेटवून दाखवली, तिच्यावर चहा करून दाखवला, चूल विकली आणि नंतर महिन्याच्या महिन्याला कांड्या विकल्या. परक्या सेल्समनला जे घर उघडत नाही ते शेजारणीला उघडते. त्यामुळे विक्री झाली.

पुढे काय झाले, ते नीट समजून घ्यावे. ज्या चिपाडापासून आणि भुशापासून कांड्या होत, त्याला कारखान्यांकडूनही मागणी होती. कच्च्या मालाचा भाव चढला आणि कांड्या महाग झाल्या. २००९ मध्ये बीपी या धंद्यातून बाहेर पडली आणि पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने तो घेतला. घरगुती चुलीची विक्री मंदावली आणि नव्या कंपनीने हॉटेल-खानावळींच्या मोठ्या चुलींकडे लक्ष वळवले. चूल चांगली होती आणि विकणारीही मेहनती होती. पण चुलीचे इंधन एकाच ठिकाणाहून येत होते. ते महागले की गावातल्या विक्रेतीच्या हातात काही उरत नव्हते.

संस्थेने यातून मार्ग काढला तो असा. एका मालाऐवजी सौरदिवे, घरातील सौर प्रकाश संच, निरनिराळ्या चुली, पाण्याचे फिल्टर असा भरलेला माल विक्रेतीच्या हातात दिला. मालाबरोबर हिशेब ठेवण्याचे आणि विक्रीचे शिक्षण दिले. २०१२ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि बिहारमध्ये एक हजाराहून अधिक स्त्रिया स्वच्छ ऊर्जेच्या विक्रेत्या म्हणून तयार झाल्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक यंत्रणेने या कामाचा गौरव केला. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये वारल्या, पण त्यांनी उभी केलेली ही व्यवस्था आपल्या दारातली शाळा आहे.

या धड्यातून आम्ही तीन नियम काढतो :

१. एकाच कंपनीच्या मालावर दुकान उभे करू नये.

२. विक्रीचा नफा एकदा मिळतो, दुरुस्तीचा वारंवार मिळतो. म्हणून विकणारीला दुरुस्ती आलीच पाहिजे.

३. गिऱ्हाइकांची वही आपल्या नावाची असावी. कंपनी बदलली तरी गिऱ्हाईक आपले राहते.

आपल्या शहराच्या हिमरूचे पाहा. कारागिरी अव्वल दर्जाची, पण ज्याच्या हातात गिऱ्हाईक होते त्याच्याच हातात नफा राहिला. विजेच्या कामातही हेच होणार आहे.

आता प्रत्यक्ष वाटा पाहू.

पहिली वाट : वीज कंपनीची नोकरी

महावितरणमध्ये 'विद्युत सहायक' या पदासाठी दहावीनंतर आयटीआयचा विजतंत्री किंवा तारतंत्री हा अभ्यासक्रम लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये या पदाच्या ५,३४७ जागांची जाहिरात निघाली होती. पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे लागते, नंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी मिळते. राज्याच्या धोरणानुसार भरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण असते. म्हणजे जागा राखलेली आहे, फक्त तिच्यावर बसायला प्रमाणपत्र असलेली मुलगी हवी.

आयटीआयची माहिती पालकांनी नीट घ्यावी. तारतंत्री (वायरमन) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आठवी पास मुलीलाही घेता येतो. विजतंत्री (इलेक्ट्रिशियन) दोन वर्षांचा आहे आणि त्याला विज्ञान-गणितासह दहावी लागते. 'सोलर टेक्निशियन' हा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आता आयटीआयच्या यादीत आहे. कोणत्या संस्थेत कोणती तुकडी चालू आहे ते प्रवेशाच्या वेळी पाहावे. आयटीआय झाल्यावर एक वर्ष शिकाऊ उमेदवार म्हणून काम केले तर हात बसतो आणि विद्यावेतनही मिळते.

खांबावर बाई कशी चढणार, असे विचारणाऱ्यांनी मराठवाड्यातच पाहावे. बीड जिल्ह्यातील महावितरणची एक महिला तंत्रज्ञ शिडीशिवाय खांबावर चढून काम करते, ते चित्रीकरण २०२० मध्ये देशभर पाहिले गेले.

दुसरी वाट : गच्चीवरचा सोलर

आमच्या मते सर्वांत मोठे दार हे आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. एक कोटी घरांवर सोलर बसवण्याचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद ठेवण्यात आली. अनुदान १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये, असे ठरले. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते.

या योजनेतली एक अट व्यापाऱ्याने अधोरेखित करावी अशी आहे. संच बसवणाऱ्या विक्रेत्याने पाच वर्षे त्याची देखभाल करायची आहे. संचाच्या प्लेटा मात्र पंचवीस वर्षे चालतात. म्हणजे २०२४ मध्ये बसलेल्या संचाची विक्रेत्याकडची देखभाल २०२९ मध्ये संपेल आणि त्यानंतर वीस वर्षे त्या गच्चीला कोणीतरी लागणार आहे. ते कोणीतरी आजपासून तयार झाले पाहिजे. मधल्या पाच वर्षांतही बाहेरगावच्या विक्रेत्याला प्रत्येक तक्रारीसाठी माणूस पाठवणे परवडत नाही. त्यालाही गावातला हात हवा असतो. आज त्याच्यासाठी काम करून शिकावे आणि उद्या स्वतःचे काम करावे, असा हा रस्ता आहे.

काम कोणते असते? गच्चीवर सावली कुठे पडते ते पाहणे, विजेचे बिल वाचून किती किलोवॅट लागेल ते काढणे, अर्ज भरणे, सांगाडा उभारणे, वायरिंग आणि अर्थिंग करणे, नेट मीटरच्या वेळी हजर राहणे, नंतर प्लेटा धुणे, जोड तपासणे, इन्व्हर्टरवरचा दोष वाचणे. यात जड लोखंड उचलण्याचे काम सोडले तर असे एकही काम नाही जे शिकलेली मुलगी करू शकत नाही. आणि एक गोष्ट पुरुष कारागिरापेक्षा तिला सोपी आहे. दिवसा घरातले पुरुष दुकानावर, कामावर असतात. संच तपासायला परका पुरुष आला की अनेक घरांत त्याला संध्याकाळी या म्हणतात. आणि संध्याकाळी सूर्य नसतो, मग तपासायचे काय? मुलगी आली तर दुपारी बारा वाजताही दार उघडते. ज्या परद्याला लोक अडचण म्हणतात, तो इथे तिच्या धंद्याचे भांडवल होतो.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, आपल्या मोहल्ल्याचा भाव आपण घालावा. समजा एका मुलीने ६० गच्च्या धरल्या. प्रत्येक गच्चीला महिन्यातून दोन वेळा धुणे आणि एकदा तपासणी, त्याचे ३०० रुपये. महिन्याचे १८,००० झाले. मदतनीस, येणे-जाणे आणि साहित्याचे ७,००० वजा केले तर ११,००० उरतात. दोन वेळा ६० म्हणजे १२० फेऱ्या, २५ दिवसांत रोज पाच. प्लेटा सकाळी लवकरच धुवायच्या असतात, कारण तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले तर काच तडकू शकते. म्हणजे दहाच्या आत काम आटोपते. दुरुस्तीचे पैसे आणि नव्या ग्राहकाचे काम याच्यावर वेगळे. हा हिशेब शिवणकामाच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहावा.

शिकावे कुठे? केंद्राच्या राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेने २०१५ मध्ये 'सूर्यमित्र' नावाचा सुमारे तीन महिन्यांचा, ६०० तासांचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. तो प्रामुख्याने आयटीआय झालेल्यांसाठी होता. त्याच नावाने आता हरित रोजगार कौशल्य परिषदेचे प्रमाणपत्र दिले जाते. कोर्स घेताना एकच पाहावे, प्रमाणपत्र या परिषदेचे आहे की केवळ क्लासवाल्याच्या छापखान्याचे. तसेच विजेची वायरिंग स्वतःच्या नावावर घ्यायची तर राज्याच्या विद्युत विभागाकडून तारतंत्रीचा परवाना, पुढे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना, अशा पायऱ्या आहेत. परवाना नसलेली मुलगी कितीही हुशार असली तरी दुसऱ्याच्या सहीची मोताद राहते.

तिसरी वाट : वीज वाचवण्याचे शास्त्र

डिप्लोमा किंवा पदवी झालेल्या मुलींसाठी ही वाट आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार केंद्रात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. तो ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांच्या परीक्षा घेतो. व्यवस्थापकाला तीन आणि लेखापरीक्षकाला चार पेपर असतात. शिक्षणाबरोबर ठरावीक वर्षांचा अनुभव लागतो.

याचा बाजार कुठे आहे, हे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतींत दिसते. दाबाच्या हवेची गळती, जुन्या मोटारी, पॉवर फॅक्टर घसरल्यामुळे बिलात लागणारा भुर्दंड, हे सारे पैसे कारखानदार दर महिन्याला मुकाट्याने भरतो. कापडाच्या धंद्यातही मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला विचारा, सूत आणि मजुरी यांच्यानंतर त्याला विजेचेच बिल टोचते. जी मुलगी बिल वाचून, मीटर लावून, कुठे किती वाया जाते ते कागदावर दाखवील, तिची फी कारखानदार वाचलेल्या पैशातून आनंदाने देईल. लेखापरीक्षकाची परीक्षा होईपर्यंत अनुभवी लेखापरीक्षकाच्या हाताखाली मोजमापाचे काम करावे. तोच अनुभव पुढे परीक्षेला उपयोगी पडतो.

भांडवल

देखभालीच्या कामाला भांडवल थोडे लागते. मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, रबरी हातमोजे, सुरक्षा पट्टा, क्रिम्पिंगची पक्कड आणि एक स्कूटी. दोन-तीन मैत्रिणींनी भागीदारीत सुरू केले तर ओझे आणखी हलके होते. भागीदारीचा करार मात्र पहिल्या दिवशी लिहून घ्यावा.

मोठे काम करायचे तर २००८ पासूनची पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना आहे. २०२२ मध्ये तिची मर्यादा सेवा उद्योगासाठी २० लाख आणि उत्पादनासाठी ५० लाख रुपये करण्यात आली. स्त्रिया आणि अल्पसंख्याक या योजनेत विशेष गटात मोडतात. त्यांना स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात आणि शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान ठरवलेले आहे. योजनांच्या अटी आणि मुदती बदलतात. म्हणून अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन त्या दिवसाची माहिती घ्यावी, दलालाला विचारू नये.

हरकती आणि त्यांचा विचार

पहिली हरकत धोक्याची. ती खरी आहे. बाकीची वीज बटण दाबून बंद करता येते, पण सूर्य बंद करता येत नाही. उन्हात सोलरच्या वायरीत दाब असतोच आणि अनेक प्लेटा जोडल्या की तो शेकडो व्होल्टपर्यंत जातो. म्हणून अर्धवट शिकून गच्चीवर जाऊ नये. पट्टा आणि हातमोजे यांशिवाय काम करायला लावणाऱ्या मालकाकडे मुलीला पाठवू नये.

दुसरी हरकत कामाच्या जागेची. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी स्त्रियांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. नोकरी लागताना पगाराबरोबर हेही विचारावे. आणि मुलींनी दोघी-दोघींच्या जोडीने काम घ्यावे.

तिसरी हरकत, हे बायकांचे काम नव्हे, ही. भारतातील पहिल्या महिला विद्युत अभियंता ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा त्यांची मुलगी काही महिन्यांची होती. तरी त्यांनी १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढे भाक्रा-नांगल धरणाच्या विद्युत कामाशी त्यांचा संबंध आला. दुसरीकडे राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात फारसे लिहिता-वाचता न येणाऱ्या खेडुत स्त्रिया अनेक देशांतून येऊन सौरदिव्यांची जोडणी-दुरुस्ती शिकून गेल्या. वायरचा रंग आणि भागाचा आकार ओळखून त्या शिकल्या. त्यांना जमले तर आपल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींना जमणार नाही, असे म्हणायला आधार नाही.

अभ्यासासाठी

या आठवड्यात प्रत्येक घराने, जिथे शिकलेली मुलगी आहे, पुढील पाच गोष्टी कराव्यात :

१. घरचे विजेचे बिल मुलीच्या हातात द्यावे. युनिट, स्थिर आकार, वहन आकार आणि मंजूर भार कुठे लिहिला आहे, ते तिने शोधावे.

२. आपल्या गल्लीत किती गच्च्यांवर सोलर आहे आणि ते कोणत्या वर्षी बसले, याची यादी करावी. ही गिऱ्हाइकांच्या वहीची पहिली पाने होत.

३. त्यातल्या दोन घरांतील बाईंना विचारावे की प्लेटा शेवटी कधी धुतल्या आणि बिघाड झाला तर कोण येते.

४. जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन मुलींच्या जागा, वसतिगृह आणि प्रवेशाची तारीख विचारावी.

५. शिवणकाम आणि सोलर देखभाल या दोन्हींचा महिन्याचा जमाखर्च एका कागदावर समोरासमोर लिहावा.

कागद लिहून झाला की निर्णय मुलीशी बसून करावा. काम तिला करायचे आहे, उन्हात तिला उभे राहायचे आहे, म्हणून तिचा शब्द त्यात पहिला असावा. वडिलांनी आणि भावांनी फीची आणि स्कूटीची सोय करावी. शहरात सोलर बसतोच आहे आणि पुढेही बसत राहील. त्याची देखभाल करणारी वही बाहेरच्या कंपनीच्या कपाटात राहील की आपल्या मुलींच्या हातात, हे येत्या तीन-चार वर्षांत ठरणार आहे.